एडिटरला तुझं गाव माहीत नसतं

आर्णी तालुक्यातल्या एका मुलाने विचारलंय. त्याचा प्रश्न थोडक्यात असा: "चार वर्षं झाली, लग्नाची शूटिंग करतो. आता टीव्हीवर चालेल असं प्रोफेशनल काम शिकायचं आहे. नागपुरात एक जण वर्षाच्या कोर्सचे दीड लाख मागतो. तेवढ्यात बरा कॅमेरा येतो. कोर्स करू का कॅमेरा घेऊ? का सरळ मुंबई गाठू? गावात राहून हे शिकता येते का?"

भाऊ, कॅमेऱ्याचं शेवटी पाहू. आधी माझी फजिती ऐक, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

मी हिंगणघाटकडचा. वीसेक वर्षं या धंद्यात गेली: आधी कॅमेरा अटेंडंट, मग कॅमेरामन, मग काही वर्षं मुंबईत पॅनलवर, म्हणजे स्टुडिओत चित्रं मिक्स करायच्या टेबलावर, आणि आता परत इकडे. माझी पहिली बातमी कापसाची होती. दिवाळीनंतरची वेचणी, दुपारचे बारा. तेव्हा मिनीडीव्हीची साठ मिनिटांची टेप असायची, त्यातली चाळीस मिनिटं मी भरली. रात्री टेप ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ दिली, वर पन्नास रुपये दिले, आणि बातमी किती वेळ चालते या विचारात झोपच लागली नाही. सकाळी एडिटरचा फोन आला. "यात बाई दिसते, कापूस दिसतो. बाई कापूस वेचताना कुठंय?"

चाळीस मिनिटांत मी हाताने घेतलेला एकही शॉट दोन सेकंदांपेक्षा जास्त स्थिर नव्हता. बोंडावरून चेहऱ्यावर झूम, चेहऱ्यावरून आभाळावर पॅन (म्हणजे चालू कॅमेरा फिरवणं), आभाळावरून परत बोंडावर. बातमी वीस सेकंद चालली आणि त्यात एकच शॉट वापरला होता. तो कोणता, तर मी पाणी प्यायला कॅमेरा धुऱ्यावर ठेवला आणि रेकॉर्डिंग बंद करायचं विसरलो, तो. त्या शॉटमध्ये तीन बाया ओटीत कापूस भरत डावीकडून येतात आणि उजवीकडे निघून जातात. चाळीस मिनिटांतलं कामाचं तेवढंच होतं, आणि ते काढताना मी कॅमेऱ्याला हातही लावलेला नव्हता.

लग्नाच्या कामात शूट करणारा आणि मिक्सिंग करणारा बहुतेकदा एकच असतो, नाहीतर ओळखीतला. नवरीची मावशी कोण आणि कन्यादान कोणी केलं, हे विचारावं लागत नाही. टीव्हीत तुझं फुटेज ज्याच्यापुढे जातं त्याने आर्णी पाहिलेलं नसतं. त्याच्या मागे आणखी चार बातम्या लागलेल्या असतात आणि तुझ्यासाठी त्याच्याजवळ अर्धा-पाऊण तास असतो. तुला एकदाही फोन न करता त्याला ते कापता आलं पाहिजे. शॉट साइज, कटअवे (मधे टाकायचा बाजूचा शॉट), लाइन, रूम टोन, लॉग शीट (कोणत्या क्लिपमध्ये काय, याची नोंद) असं जे जे काही तंत्र म्हणून शिकवतात, ते सगळं या एका अडचणीवरचे उपाय म्हणून जन्माला आलंय. हे ध्यानात आलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. प्रत्येक वेळी आपल्या मनाला विचारायचं, त्या माणसाला आता काय लागेल?

शिकायची सुरुवात चुलीपाशी कर. आई भाकरी करायला बसली की मोबाइल ट्रायपॉडवर लाव. भाकरच काऊन, तर ते काम पुन्हा पुन्हा तसंच होतं. घरात दहा-बारा भाकरी लागत असतील तर तुला दहा-बारा टेक मिळाले, तेही आईला एकदाही "पुन्हा कर" न म्हणता. पहिल्या भाकरीला वाइड घे: दारातून दिसणारी आई, चूल, परात, टोपलं. दुसरीला फक्त हात आणि परात. तिसरीला चेहरा. चौथीला आईच्या खांद्यामागून, तिला जसा तवा दिसतो तसा. पाचवीला खाली बस आणि जाळापलीकडून आई घे. फ्रेम ठरव, बटण दाब, मनात दहापर्यंत मोज, मग बंद कर. मधे झूम नाही, पॅन नाही. पहिल्या दिवशी हात शिवशिवतील, ते चालायचंच.

आता बारीक गोष्ट. वाइडमध्ये आई थापलेली भाकर उचलून तव्यावर टाकते. क्लोजमध्येही तीच क्रिया पूर्ण पाहिजे: उचलण्याच्या आधीपासून, टाकून हात मागे येईपर्यंत. बहुतेक नवी मुलं भाकर तव्याला टेकली की बटण बंद करतात. एडिटरला पुढचे तीन सेकंद लागतात, कारण तो क्रियेच्या मधोमध कापतो. भाकर हवेत असताना वाइडमधून क्लोजमध्ये जातो आणि पाहणाऱ्याला कट दिसतच नाही. दुसरं असं, की भाकर तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरतो. वाइडमध्ये भाकर ओली आणि लगेच पुढच्या क्लोजमध्ये कोरडी दिसली, तर कुठेतरी उडी बसली हे आर्णीतल्या बाईलाही कळते आणि मुंबईतल्या माणसालाही. याला कंटिन्युइटी म्हणतात. सिनेमात त्यासाठी वेगळा माणूस असतो, तुझ्याकडे तूच आहेस. म्हणून कोणत्या हाताने, कोणत्या क्षणी, हे पाहायची सवय लाव.

कॅमेरा हलवायचाच नाही असं नाही. पण पॅन करायचा तर आधी पाच सेकंद थांब, मग सावकाश जा, शेवटी पुन्हा पाच सेकंद थांब. असा पॅन केला तर एडिटरला एकात तीन शॉट मिळतात. हलत सुरू होऊन हलतच संपणारा पॅन मात्र कोणत्याच शॉटला जोडता येत नाही.

लाइन म्हणजे काय, हे वर्गात फळ्यावर रेघ मारून शिकवतात आणि अर्ध्या पोरांना कळत नाही. शंकरपट पाहायला गेला असशीलच. पटावर जोडी डावीकडून उजवीकडे सुटते. तू पहिला शॉट प्रेक्षकांच्या बाजूने घेतला आणि दुसरा पट ओलांडून समोरून, तर पडद्यावर जोडी उजवीकडून डावीकडे धावताना दिसेल. पाहणाऱ्याला वाटेल, बैल परत फिरले, नाहीतर समोरून दुसरी जोडी येऊन धडकणार. बैल ज्या रेषेत पळतात तीच लाइन, आणि आपण तिच्या एकाच बाजूला राहायचं. ओलांडायचीच असेल तर मधे जोडी सरळ कॅमेऱ्याकडे येतानाचा शॉट टाक, किंवा नुसता धुरकऱ्याचा चेहरा. दोन माणसं बोलत बसली असतील तर लाइन त्यांच्या नजरेची असते.

उजेडाबद्दल फार लिहीत नाही, चार वर्षं लग्नं केल्यावर तुला बरंच कळत असेल. तीन गोष्टी मात्र सांगतो. एक, मोबाइलच्या सेटिंगमधून ३० फ्रेम काढून २५ कर आणि शटर १/५० वर ठेव. आपल्याकडे टीव्ही २५ फ्रेमवर चालतो आणि वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही. शटर १/६० वर असलं की चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात. ग्रामपंचायतीच्या सभेत घेतलेलं निम्मं फुटेज याच कारणाने वाया जाते. भर उन्हात १/५० वर चित्र पांढरं पडेल, त्याला एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळी काच, लागतो. फिल्टर नसेल तर बाहेर शटर वर जाऊ दे, उन्हात लुकलुक नसते. दोन, आपल्याकडच्या निळ्या भिंती. अशा भिंतीपुढे माणूस बसवला की ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा रंग जुळवतो ते) भिंतीला भुलतो आणि चेहरा शेंदरी करतो. पांढरा दुपट्टा समोर धर, बॅलन्स घे आणि लॉक कर.

तीन, कापूस. दुपारी पांढरा कापूस आणि उन्हाने रापलेला चेहरा एका फ्रेममध्ये आले की कॅमेऱ्याला दोन्ही सांभाळता येत नाही. झेब्रा (फार उजळ जागी पट्टे दाखवणारी सोय) सुरू कर, कापसावर पट्टे येऊ लागले की एक्स्पोजर थोडं खाली घे आणि लॉक कर. फुटलेला पांढरा रंग एडिटिंगमध्ये परत येत नाही. मग चेहरा काळा पडतो. त्यावर स्टुडिओत थर्माकोलची शीट वापरतात. शेतात थर्माकोल घेऊन फिरायची गरज नाही. बाईला वेचलेल्या कापसाच्या ढिगाजवळ अशी बसव, की ऊन ढिगावर पडेल आणि ढिगाचा उजेड तिच्या तोंडावर येईल. इतका मऊ उजेड मला मुंबईच्या स्टुडिओत दहा हजारांच्या दिव्यातूनही मिळाला नाही.

आता आवाज. इथे जरा बसून घे, कारण लग्नाच्या कामाने तुझी सगळ्यात वाईट सवय इथे लावली आहे: मागे गाणं टाकून मोकळं होणं.

मे महिन्यात यवतमाळ-वर्ध्याकडे कोणाच्या घरी मुलाखतीला गेलास तर पहिला शत्रू कूलर. माणूस प्रेमाने तुला कूलरच्या पुढेच बसवतो. कानाला तो आवाज दोन मिनिटांत ऐकू येईनासा होतो, माइकला मात्र शेवटपर्यंत येतो. त्याहून वाईट म्हणजे दोन वाक्यं कापून जोडली की मागची घरघर मधेच तुटते आणि कट ऐकू येतो. म्हणून कूलर बंद करायला सांगायचं. संकोच वाटतो, बाहेर ४४ अंश असतात, पण सांगायचं. बाकी सगळी तयारी आधी पुरी करायची, फ्रेम, माइक, लेव्हल, आणि शेवटच्या क्षणी कूलर बंद. मग तुझ्याकडे सहा-सात मिनिटं असतात, त्यापुढे कपाळ चमकू लागतं. एक रुमाल जवळ ठेव. आणि गाडीची चावी कूलरवर ठेव. मी एकदा एका आजोबांचा कूलर बंद करून तसाच निघून आलो होतो. दोन दिवसांनी त्यांच्या सुनेचा फोन आला. काय बोलली ते इथे लिहिता येत नाही.

मुलाखत संपली की लगेच उठू नको. "काकाजी, अर्धा मिनिट कोणी बोलू नका" म्हण आणि त्या खोलीची नुसती शांतता ३० सेकंद रेकॉर्ड कर. याला रूम टोन म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कुठे पंखा, कुठे लांबची चक्की, कुठे रातकिडे. एडिटर वाक्यांमधल्या फटी त्या शांततेने बुजवतो. शेतात असशील तर मोटरपंपाचा आवाज, बैलांच्या गळ्यातल्या घंट्या, वेचणीतल्या बायांचं बोलणं, हे माइक जवळ नेऊन वेगळं घे. चित्र कसंही येऊ दे, आवाज पाहिजे.

कॉलर माइक लावताना त्याला काय घासतं आणि आपला हात कुठे लागतो याकडे पाहा. पुरुषाच्या गळ्यात दुपट्टा असतो, तो बोलताना माइकवर घासतो आणि एडिटरला वाटते, मागे कोणी कागद फाडून राहिलं. दुपट्टा काढायला लावू नको, त्याशिवाय माणूस ओळखीचा वाटत नाही. एक पदर मागे टाकायला सांग. बाईच्या बाबतीत माइक पदराच्या काठावर लावू नको, पदर सारखा हलतो. क्लिप तिच्याच हातात दे आणि कुठे लावायची ते लांबून दाखव. लेव्हल अशी ठेव, की साधं बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काहीच नसतं. तिथे आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. आणि हे सगळं हेडफोन लावूनच, नुसती मीटरची काडी हलताना पाहून नाही. काडी कूलरच्या आवाजानेही छान हलते.

बाइट, म्हणजे माणसाचं टीव्हीवर जाणारं बोलणं, घेण्याची एक युक्ती. तुझा प्रश्न टीव्हीवर जाणार नाही, फक्त उत्तर जाईल. "पेरणी कधी केली?" विचारलंस तर उत्तर येईल, "मिरगात." संपलं. त्या एका शब्दाचं एडिटर काय करणार? "यंदाच्या पेरणीचं काय झालं ते सुरुवातीपासून सांगा" म्हण आणि चूप बस. उत्तर संपलं असं वाटल्यावर आणखी तीन सेकंद चूप बस. माणसाला ती शांतता जड जाते आणि तो पुढे जे बोलतो तेच बहुतेकदा खरं बाइट असतं. आणि तो बोलत असताना "हाव, हाव" करू नको, मान हलव. माझ्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलाखतींत मी मागे कुठेतरी हुंकारत बसलो आहे.

इथपर्यंतचं सगळं एकट्याने शिकता येतं. मल्टिकॅमेरा येत नाही. लाइव्ह कार्यक्रमात तीन-चार कॅमेरे असतात, आत पीसीआरमध्ये (प्रॉडक्शन कंट्रोल रूममध्ये) डायरेक्टर समोरच्या भिंतीवर सगळ्यांची चित्रं एकदम पाहतो, टॉकबॅकवर, म्हणजे सगळ्यांच्या हेडसेटवर, बोलतो आणि शेजारी बसलेला स्विचर बटणं दाबतो. "टू स्टँडबाय, टेक टू." इथे एडिटर जागेवरच कापत असतो, पुढच्या सेकंदाला. म्हणून तुझा कॅमेरा ऑनएअर नसताना तू नवी फ्रेम शोधून तयार ठेवायची, आणि कॅमेऱ्यावरचा लाल टॅली दिवा लागला की पुतळा व्हायचं. स्टुडिओत साधारण असं असतं: मधला कॅमेरा वाइड धरतो, डावीकडचा उजवीकडे बसलेल्या माणसाला घेतो आणि उजवीकडचा डावीकडच्याला. उलट केलंस तर सगळ्यांचे कानच दिसतील.

हे मी शिकलो झाडीपट्टीत. वडसा म्हणजे देसाईगंजच्या बाजूला दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. एका नाटकाचं तीन कॅमेऱ्यांवर शूटिंग होतं आणि मी तीन नंबरवर. माझ्या कॅमेऱ्याचा टॅली दिवा गेला होता, आणि हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, नवा होतो म्हणून. दुसऱ्या अंकात खलनायकाची एन्ट्री. मला वाटलं दोन नंबर चालू आहे, म्हणून मी बेधडक कॅमेरा फिरवला आणि समोर पहिल्या रांगेत पेंगणाऱ्या एका म्हाताऱ्या बाप्पांवर फोकस केला. मंडपाबाहेर लावलेल्या पडद्यावर खलनायकाच्या गर्जनेसोबत ते पेंगणारे बाप्पा दिसले. पब्लिक खूश. डायरेक्टर टॉकबॅकवर जे बोलला त्यातलं "थ्री" एवढंच छापण्यासारखं आहे. तेव्हापासून काम सुरू व्हायच्या आधी मी प्रत्येक दिवा आणि प्रत्येक हेडसेट स्वतः तपासतो.

तुझ्यासाठी याची वाट लग्नातूनच जाते. आता तालुक्याच्या लॉनमध्येही एलईडी वॉल लागतात आणि तिथे दोन-तीन कॅमेऱ्यांचं लाइव्ह मिक्सिंग असते. तो मिक्सरवाला शोध, त्याच्याकडे एक सीझन केबल ओढ. केबल कशी गुंडाळायची, जनरेटरची लाइन आणि आवाजाची लाइन एकमेकींपासून लांब का ठेवायची, लाइट गेल्यावर पहिल्या दहा सेकंदांत काय करायचं, हे कोणत्याही कोर्समध्ये नीट शिकवत नाहीत. घरी ओबीएस स्टुडिओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाक, तीन मित्रांचे मोबाइल त्याला जोड आणि गावातला कबड्डीचा सामना मिक्स कर. एकाने डायरेक्टर व्हायचं, त्याच्याशिवाय कोणी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी भांडणं होतील.

घड्याळाचं थोडं. अर्ध्या तासाचा कार्यक्रम तीस मिनिटांचा नसतो. केबल टीव्हीच्या नियमांत जाहिराती आणि वाहिनीची स्वतःची प्रसिद्धी मिळून तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, त्यामुळे अर्ध्या तासातली सहा त्यात गेली तर हाती २४ मिनिटं येतात. लाइव्हमध्ये वेळ उलटी मोजतात. बुलेटिन ७ वाजता संपवायचं, निरोप ३० सेकंदांचा, म्हणजे तो ६:५९:३० ला सुरू. शेवटची बातमी पावणेदोन मिनिटांची, म्हणजे ६:५७:४५. तिची प्रस्तावना २० सेकंद, म्हणजे ६:५७:२५ ला अँकरने तोंड उघडलंच पाहिजे. पाहुणे आमदारसाहेब ६:५७:४० लाही बोलतच असतील तर १५ सेकंद कुठून काढायचे, हे आधीच ठरलेलं असावं लागतं. घरी करून पाहा: कोणताही विषय घे, पण पॅकेज (चित्र, बाइट आणि निवेदन जोडून तयार केलेली बातमी) बरोबर ९० सेकंदांचं कर. ९१ झालं तर नापास. स्क्रिप्ट पानाच्या दोन भागांत लिही, डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज. मिनिटाला आपण किती शब्द वाचतो ते घड्याळ लावून मोज. माझे १२०च्या आसपास होतात. उजवीकडे शब्द भरलेले आणि डावीकडे जागा कोरी राहिली, तर तेवढं शूटिंग राहिलं आहे हे कागदावरच दिसते.

आणि वही. हसू नको, साधी शाळेची वही. कोणती क्लिप, कोण माणूस, काय बोलला, टेक चांगला की वाईट. नाव त्याच्यासमोर लिहून त्यालाच वाचायला दे. टीव्हीवर खाली पट्टीत आडनाव चुकलं की त्या गावात तुला दुसऱ्यांदा चहा मिळत नाही. कार्ड दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही. "झालं असेल" म्हणून केलेल्या फॉरमॅटने माझा एक अख्खा शंकरपट गिळला आहे.

आता तुझा मूळ प्रश्न. दीड लाखाच्या कोर्सबद्दल मी त्या माणसाला ओळखत नाही, पण पैसे भरायच्या आधी तिथे जाऊन तीन गोष्टी पाहा. खरा चालू पीसीआर आहे का, आणि त्यावर विद्यार्थ्यांना बसू देतात का फक्त फोटो काढू देतात. एका कॅमेऱ्यामागे किती मुलं. आणि मागच्या बॅचचं काम दाखवा म्हण. गाणं लावलेली रील दाखवतील, ती नको. एका मुलाचे कच्चे रशेस, म्हणजे न कापलेलं फुटेज, माग. रशेसवरून दहा मिनिटांत कळते काय शिकवतात ते.

शिक्षणच घ्यायचं आणि पदवी हातात असेल तर पुण्याच्या एफटीआयआयची (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची) तयारी कर. संस्था १९६० ची. टीव्हीचा विभाग आधी दिल्लीला होता, दूरदर्शनच्या लोकांना शिकवायला. तो १९७४ मध्ये पुण्याला आला. तिथे दिग्दर्शन, इलेक्ट्रॉनिक सिनेमॅटोग्राफी, व्हिडिओ एडिटिंग आणि साउंड, असे टीव्हीचे एक-एक वर्षाचे कोर्स आहेत. प्रवेश परीक्षा असते. संस्था कमी दिवसांचे कोर्सही घेते. लेखन-बातमीदारीकडे ओढा असेल तर आयआयएमसीचं (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशनचं) केंद्र अमरावतीतच आहे. मुंबईला आत्ताच जाऊ नको. हातात कौशल्य नसलेल्या मुलाला तिथे वर्षभर ट्रायपॉड उचलायला लावतात. मीही उचलला. पण मी आवाज आणि लॉग शिकून गेलो होतो, म्हणून वर्षाचे चार महिने झाले. इथे राहून स्ट्रिंगर म्हणून काम करता येते, पैसे बातमीमागे मिळतात, आणि उशिरा मिळतात. एका वाहिनीकडे माझ्या अकरा बातम्यांचे पैसे अजून अडकले आहेत आणि ती वाहिनी बंद होऊन जमाना झाला. त्यामुळे लग्नं सोडू नको.

कॅमेरा? घेऊ नको. आहे तो पुरतो. आधी जड ट्रायपॉड, मग वायरवाला कॉलर माइक, कानावर पूर्ण बसणारा हेडफोन आणि दोन हार्ड डिस्क घे. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती भरपूर झाली, लॅपटॉप मात्र जरा दमदार लागेल.

पोळा येईल तेव्हा हे कर. आदल्या संध्याकाळी घरच्या बैलांची खांदशेकणी असते, खांद्याला लोणी-हळद लावतात आणि कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." उजेड उतरता असतो, गोठ्यात एकच बल्ब, आणि ते वाक्य एकदाच म्हटलं जातं. भाकरीसारखा दुसरा टेक नाही. म्हणून आधी ठरव: बाबा कोणत्या बाजूने येतील, बल्ब कुठे, माइक कुणाच्या अंगावर. त्या वाक्याच्या वेळी कॅमेरा बाबांच्या चेहऱ्यावरच हवा, बाकी हात, खांदा, लोण्याची वाटी, बैलाचा डोळा, हे आधी नाहीतर नंतर घेता येतं. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, होतील, त्यांचा आवाज पूर्ण घे, मधे बटण बंद करू नको.

मग स्वतः काही कापू नको. रशेस आणि वहीच्या पानांचे फोटो अशा नातेवाइकाला पाठव ज्याने तुझं गाव पाहिलेलं नाही आणि ज्याला थोडंफार एडिटिंग येतं. त्याला ९० सेकंदांचं पॅकेज बनवायला सांग आणि तुझा फोन बाजूला ठेव. त्याने किती वेळा फोन करून "हे कोण, हे कुठे, याच्या आधी काय झालं?" विचारलं ते मोज, आणि तो आकडा मला कळव.